वीतभर खोल

मिरज तालुक्याची माती एका जातीची नाही. कृष्णाघाटापाशी खुरपं मारलं की काळंभोर ढेकूळ निघतं; ओलं असेल तर ते खुरप्याला असं चिकटतं की बोटानं खरवडून काढावं लागतं. तेच खुरपं घेऊन पूर्वेला आरगच्या माळाकडं गेलं तर वीतभरातच खणकन आवाज येतो. खाली मुरूम लागलेला असतो. मधलं अंतर सायकलवर काटता येण्याजोगं. मोठ्या माणसाला हा फरक जमिनीच्या भावात कळतो, ऊस लावायचा की द्राक्षं या हिशेबात कळतो. सात वर्षांच्या मुलाला तो मनगटात कळतो, आणि मनगटाला कळलेलं सहसा विसरत नाही. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

मुलांना मातीत उकरू द्या, हे सांगायला पुस्तक लागावं याची थोडी लाज वाटायला हवी. आपल्या आज्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पण परसातली जागा गाडी लावायला गेली, अंगणात पेव्हर ब्लॉक आले, शाळेच्या पटांगणावर कोबा झाला आणि माती उरली ती कुंडीत. कुंडीत मुलानं हात घातला की घरच्यांना मोगऱ्याची काळजी. त्यामुळं हल्ली पालक विचारतात, ‘उकरून मुलं शिकणार काय?’ मला हा प्रश्न फारसा आवडत नाही. मुलाच्या दिवसातला प्रत्येक तास कशाच्या तरी तयारीत गेला पाहिजे, असा त्यामागं हट्ट असतो. तरीही उत्तर द्यायला हवं, कारण उत्तर आहे.

वर्गात मुलाला जे मिळतं ते कुणाच्या तरी तोंडून मिळतं. चित्र बरं आलं तर बाई ‘छान’ म्हणतात, वाईट आलं तरी ‘छान’च म्हणतात. मातीला ही रीत ठाऊक नाही. खड्ड्याची कड सरळसोट ठेवली तर ढासळते, कलती ठेवली तर टिकते. वाळलेल्या उतारावर भसकन पाणी ओतलं तर ते वाहून जातं, धार बारीक केली तर मुरतं. इथं पाठ थोपटायला कुणी नाही आणि कान धरायलाही कुणी नाही. जसं केलं तसं झालं, इतका रोखठोक व्यवहार मुलाच्या आयुष्यात दुसरा क्वचितच असतो.

पावसाळ्याच्या तोंडाला हे फार चांगलं दिसतं. मृगाचा पहिला दांडगा पाऊस झाला की मूल खुरपं घेऊन धावतं. तेव्हा काळी माती रबरबीत असते. चपलेला गोळाच्या गोळा चिकटतो, उकरलेलं पुन्हा मिटतं, आणि अशा ओलीत काढलेली ढेकळं वाळली की फोडता फुटत नाहीत. शेतकरी या दिवसांत रानात औत घालत नाही, तो घात यायची वाट बघतो. इतरत्र तिला वाफसा म्हणतात. घात आली का हे बघायची रीत साधी आहे. मूठभर माती दाबून तिचा लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरनं सोडायचा. पचकन बसला तर थांबायचं. फुटून भुगा झाला तर खणायला घ्यायचं. लाडू वळलाच नाही तर उशीर झाला म्हणायचं. मूल दिवसातनं चार-चार वेळा लाडू टाकून बघतं. ‘थांब’ हा शब्द त्याला घरात इतक्या वेळा ऐकावा लागतो की त्याला काही अर्थ उरलेला नसतो. घातीसाठी मात्र ते आपणहून थांबतं, कारण थांबायचं कारण त्याच्या मुठीत असतं.

वैशाखात याच जमिनीला भेगा पडतात. दोऱ्याला खडा बांधून भेगेत सोडायचा आणि किती गेला ते मोजायचं, हा खेळ पहिल्याच प्रकरणात आहे. चांगल्या भारी रानात खडा हातभर सहज जातो. शास्त्र असं की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाचा बसाल्ट झाला आणि तो झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात वरचा भुगा भेगांत पडतो, पावसात खालची माती फुगून वर ढकलली जाते. नांगर न लावता जमीन स्वतःलाच हळूहळू खालीवर करत असते. हे सगळं सातव्या वर्षी समजावायची घाई नको. पण भेगेत खडा सोडून आलेल्या मुलानं घराच्या भिंतीवरचा तिरका तडा दाखवून ‘हे पण तसंच का?’ असं विचारलं, तर त्याला गवंड्याशी बोलायला द्यावं. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खाली का न्यावा लागतो, हे गवंड्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

माणसं माती किती बारकाईनं ओळखत होती हे बघायचं तर हरिपूरला जावं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव आपल्याच तालुक्यातलं. सांगलीच्या हळदीचं नाव देशभर झालं, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती हळद पिढ्यान्‌पिढ्या साठवली गेली ती हरिपुरात, जमिनीच्या पोटात, पेवांमध्ये. पेव म्हणजे खोल खणलेलं कोठार: वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली ऐसपैस जागा. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती चढवायची. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत जातो, किडीला जगता येत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे. हवा बदलेपर्यंत थांबावं लागे, कारण जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही.

मला यात नवल वाटतं ते जागेच्या निवडीचं. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीत असं पेव खणलं तर त्याच्या भिंती वर्षभर धड राहायच्या नाहीत. माळावर खणावं तर मुरूम फोडतानाच जीव जाईल. हरिपूरची माती मात्र उभी राहते आणि आतल्या मालाला ओल लागू देत नाही. ही गोष्ट कुठल्या प्रयोगशाळेनं पत्र पाठवून कळवली नव्हती. कुणीतरी खणून पाहिलं असणार, कुणाचा तरी माल कुजला असणार, आणि मग चार माणसांनी बसून ठरवलं असणार की खणायचं तर इथंच. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि हळदीची माती झाली. त्यानंतर व्यापार गोदामांकडं आणि शीतगृहांकडं वळला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र पेव खणणाऱ्या हातांना जे ठाऊक होतं ते गोदामाच्या पावतीवर उतरत नाही, आणि ते परत मिळवायचं तर सुरुवात पुन्हा वीतभर खड्ड्यापासूनच करावी लागेल.

दिवाळीतल्या किल्ल्यांविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. मिरजेच्या गल्ल्यांतनं मुलं रायगड करतात, प्रतापगड करतात, सिंहगड करतात. मिरजेचा किल्ला कोणी करत नाही. १६६० च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी ज्याला वेढा घातला तो हा किल्ला गावातच आहे, पण तो पडला भुईकोट. डोंगरी किल्ल्याला विटांवर पोतं टाकून चिखल लिंपला की भागतं. भुईकोटाला खणावं लागतं. आधी खंदक, आणि खंदकातनं निघालेली माती आतल्या अंगाला टाकत गेलं की तट आपोआप चढतो. एकदा करून बघा. पहिल्या तासातच मुलं ओरडायला लागतात की खड्डा एवढासा आणि माती एवढी कशी? खणलेली माती सुटी होऊन फुलते, तिच्यात हवा शिरते. ती पायानं तुडवली, पाणी मारून चोपली की पुन्हा बसते. मग कुणीतरी उत्साहानं खंदकात पाणी सोडतं. पाणी तटाच्या पायात शिरतं आणि संध्याकाळपर्यंत एक बुरूज खंदकात बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी तटाला बाहेरून चिकणमातीचं लिंपण होतं, उतारावर मोहरी आणि हळीव पेरले जातात, आणि चार दिवसांत मुळांनी उतार धरून ठेवलेला दिसतो. धरणाच्या भिंतीपासून शेताच्या बांधापर्यंत जे जे मातीचं बांधकाम आहे, त्यातल्या अडचणींची ही बालआवृत्ती आहे. बाजारातला तयार प्लॅस्टरचा किल्ला आणून वर मावळे मांडण्यात यातलं काही नाही. तो किल्ला आणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त त्याला किल्ला केला असं म्हणू नये.

नदीकाठची गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ चे पूर ओसरल्यावर काठच्या रानांत गाळ बसला. अशा जागी फूटभर खणून खड्ड्याची एक बाजू खुरप्यानं नीट तासली की थर दिसतात: बारीक गाळाचा पट्टा, त्याखाली रेताड पट्टा, मग जुनी काळी. खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं, हा पुरातत्त्वशास्त्राचा पहिला नियम मुलं कुणी न सांगता मांडतात. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केलं ते याच नियमावर. त्याच टेकाडातून पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती मिळाली. दोन हजार वर्षांमागं रोमच्या बाजूनं आलेली ही वस्तू आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. मूल ती बघून आल्यावर परसात खजिना शोधायला लागेल आणि त्याला मिळेल कौलाचा तुकडा, बांगडीची काच, एखादं गंजकं बिजागर. ते टाकू नये. कुठल्या थरात मिळालं ते कागदावर लिहून डब्यात ठेवावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते बिजागर दाखवलं तर ते कुठल्या दाराचं हे बहुधा त्यांना आठवतं.

आता किड्यांकडं येऊ, कारण मुलांना खरा रस त्यांच्यात असतो. गांडुळावर चार्ल्स डार्विननं १८८१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. मरणापूर्वीचं त्याचं हे शेवटचं पुस्तक. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरसाल गांडुळांच्या पोटातनं जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता. पण आपल्या उसाच्या पट्ट्यात खणताना हमखास भेटते ती हुमणी. पांढुरकी, जाड, डोकं तपकिरी, आणि तळहातावर घेतली की अर्धवर्तुळात वळून पडते. उसाची मुळं खाऊन उभं पीक वाळवणारी ही अळी. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतनं निघून कडुलिंबावर, बाभळीवर बसतात. मुलाला हे दोन वेगळे प्राणी वाटतात. अळी मातीसकट बरणीत ठेवून तिचा कोष आणि कोषाचा भुंगेरा होताना बघणं हे बरेच महिने चालणारं काम आहे. अधेमध्ये बरणी विसरली जाते, अळी मरतेही. मुलाला वाईट वाटू द्यावं. शेतकरी बापाला मात्र वाईट वाटत नाही, आणि या दोन भावना एकाच घरात का आहेत यावर जेवताना बोलण्यासारखं पुष्कळ निघतं.

एक खड्डा मोठ्यांनीही बघावा असा आहे. परसात किंवा बांधावर गुडघाभर खड्डा खणायचा, पाण्यानं भरायचा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. मुरमाड जागी तो काही तासांत रिकामा होतो. भारी काळीत पाणी रेंगाळतं. आणि काही रानांत खड्ड्यात पाणी ओतावंच लागत नाही, ते खालनंच येतं. कृष्णाकाठचं हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. उसाला पाटानं वारेमाप पाणी दिलं गेलं, निचरा नसलेल्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले आणि मार्च-एप्रिलात वरच्या मातीवर पांढरा पापुद्रा धरायला लागला. क्षारपड झालेल्या अशा जमिनींवर कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात काम चालतं. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढून देण्याचा उपाय आहे, तो खर्चिक आहे. माझं म्हणणं एवढंच की वर्षातनं दोनदा बांधावर खड्डा खणून पाणी किती खाली आहे हे बघायची सवय गावोगाव असती, तर पांढरा पापुद्रा दिसायच्या बरंच आधी लोकांना पाणी वर येताना दिसलं असतं. मोटार सुरू केली की पाणी येतं, त्यामुळं जमिनीत डोकवायची गरजच कुणाला वाटली नाही.

मिरज हे डॉक्टरांचं गाव. १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल, नंतर गल्लोगल्ली झालेले दवाखाने, आणि उपचारांसाठी पार कर्नाटकातनं येणारी माणसं. अशा गावात माती म्हणजे जंतू, हे समीकरण घट्ट बसलेलं असतं, आणि ते खोटं नाही. अनवाणी पायाच्या कातडीतनं आकडेकृमी शिरतो, जखमेतनं धनुर्वात होतो. पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. औषध नव्हतं तेव्हा तिथल्या रोग्याला मिळे ती मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न. क्षयावर चाललेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ मध्ये शोधलं. ते बनवणारा जंतू मिळाला होता भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीत. पहिल्या पावसाचा वास मातीला येतो तोही याच जातकुळीच्या जंतूंमुळं.

फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या रखरखीत अंगणांत जंगलातली माती आणि हिरवळ आणून घातली, आणि तीन ते पाच वर्षांची मुलं २८ दिवस तिच्यात खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्ती आवरून धरणाऱ्या यंत्रणेची लक्षणं सुधारली, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. अभ्यासात एकूण मुलं होती ७५. प्रयोग छोटा आणि देश थंडीचा, त्यामुळं त्यावरनं मिरजेत उड्या मारायचं कारण नाही. घाबरून मूल घरात कोंडायचंही कारण नाही. चप्पल, साबण, वेळच्या वेळी जंतांचं औषध, एवढ्यात बरंचसं भागतं.

एक गोष्ट मला टोचते ती सांगून टाकतो. नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर जी मुलं दिवसभर चिखलात असतात, त्यांना हे पुस्तक लागू नाही. त्यांच्यासाठी माती म्हणजे आईबापाची मजुरी. मातीकाम करणाऱ्या वडार कुटुंबांनी विहिरी खणल्या, तळी खणली, रस्त्यांचे भराव घातले, आणि त्या हातांना शाळेत कधी मान मिळाला नाही. आपण आपल्या मुलांना हौसेनं फावडं देतो तेव्हा हे ध्यानात असावं. या बाबतीत सातारा जिल्ह्यानं दाखवलेली वाट मला मोठी वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवून रानातल्या कामालाही एकत्र लावलं. त्या पोरांनी फावडं हातात घेतलं ते शिकण्यासाठी, आणि कुणीही ते जातीनं धरलं नाही. लहान मुलांच्या बाबतीत फ्रोबेलनं १८३७ पासून जर्मनीत बाग हा शिक्षणाचा भाग केला, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढून पुढं कोसबाडला ते काम थेट कुरणापर्यंत नेलं. त्यांच्यावर चांगली पुस्तकं आहेत, म्हणून इथं थांबतो.

पुस्तकातली प्रकरणं वैशाखापासून लावली आहेत, कारण कोरडी जमीन बघितल्याशिवाय ओली कळत नाही. श्रावणात एक दिवस मोकळा सोडला आहे. नागपंचमीला जमीन खणायची नाही हा आपल्याकडचा नेम आहे, बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात तरी तो पाळावा. त्या दिवसांत बिळांत पाणी शिरून साप बाहेर असतात, तेव्हा नेमाला कारणही आहे. शिक्षकांना एक विनंती. याचा ‘उपक्रम’ करू नका. खड्ड्याशेजारी उभं राहून ‘आता आपण काय शिकलो?’ विचारू नका, तक्ते भरून घेऊ नका, फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकू नका. जवळ बसा, विचारलं तर बोला. मूल अर्धा तास एकाच मुळाशी झटापट करत असेल तर ते त्याचं मूळ आहे, उपटून देऊ नका.

साहित्य फार लागत नाही. बोथट केलेलं खुरपं, घमेलं, करवंटी, पाण्याला तांब्या. प्लॅस्टिकचं खेळण्यातलं फावडं घेऊ नये, काळ्या मातीत ते पहिल्याच दिवशी मोडतं. खड्डा मुलाच्या गुडघ्याहून खोल नको. मुरमाच्या खाणी, वीटभट्टीचे पाण्यानं भरलेले खड्डे आणि नदीची दरड यांच्या जवळपासही नको. दवाखान्याच्या मागची जागा नको, तिथं सुया निघतात. खणायच्या आधी मोठ्या माणसानं एकदा माती चाळवून काचा वेचाव्यात. आणि मुलाच्या कार्डावर धनुर्वाताच्या लशीची तारीख बघून घ्यावी.